घरं मोजली, धसका कुणी मोजला नाही

पोस्ट लांब झाली आहे. एका दमात नाही वाचली तरी चालेल, पण वाचा.

दरवर्षी 30 सप्टेंबर जवळ आला की आमच्या भागातल्या वार्ताहरांची एक बातमी ठरलेली असते. किल्लारीच्या स्मृतिस्तंभावर पुष्पचक्र, मानवंदना, पुढाऱ्यांची श्रद्धांजली आणि शेवटच्या परिच्छेदात ‘पुनर्वसनाचे प्रश्न अजूनही प्रलंबित’. प्रलंबित प्रश्नांची यादीही आता पाठ झाली आहे. कबाले नाहीत, रस्ते उखडले, नळाला पाणी नाही, भूकंपग्रस्त प्रमाणपत्रावर नोकरी लागत नाही. सगळे प्रश्न खरेच आहेत. पण या गावांतून फिरताना, कट्ट्यावर चहा पिताना जे कानावर येतं ते या यादीत कधीच बसत नाही. अमक्याचं तेव्हापासून घरात कुणाशी पटत नाही. तमकी तेव्हापासून लेकरांना जवळ घेत नाही. म्हातारा तेव्हापासून स्लॅबखाली झोपत नाही, बारा महिने पत्र्याच्या शेडात. हे ‘तेव्हापासून’ म्हणजे काय, आणि त्याचं घरातल्या बाकीच्यांवर काय होतं, याची बातमी होत नाही. म्हणून ही पोस्ट.

आधी थोडक्यात इतिहास, कारण आता तिशीच्या आत असलेल्या पोरांना किल्लारी म्हणजे फक्त सामान्यज्ञानाचा प्रश्न वाटतो.

29 सप्टेंबर 1993 ला अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून दमलेली माणसं उशिरा झोपली. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. तीव्रता 6.2 ते 6.4 च्या दरम्यान. जगाच्या हिशेबात हा काही फार मोठा भूकंप नव्हे. पण आपल्याकडची घरं माळवदाची. दोन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर लाकडावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच माळवद त्या पहाटे झोपलेल्या माणसांवर आलं. लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या उमरगा तालुक्यात सगळ्यात जास्त हानी झाली. किल्लारी आणि सास्तूर ही नावं देशभर गेली. सरकारी आकडा आठ हजारांच्या जवळ मृतांचा, इतर अंदाज दहा हजारांच्या आसपास. सोळा हजारांच्या घरात जखमी. आणि लक्षात घ्या, 1992 चा पावसाळा संपत आला तेव्हापासूनच किल्लारीला धक्के बसत होते. जमिनीतून आवाज यायचे. लोक वर्षभर घाबरलेलेच होते. मग हळूहळू सवय झाली आणि लोक पुन्हा घरात झोपायला लागले.

नंतर पाऊस लागला. ढिगाऱ्यातून प्रेतं काढायची, ओळख पटवायला वेळ नाही, रोगराईची भीती. सामुदायिक चिता पेटल्या. अनेकांना आपल्या माणसाचं तोंड शेवटचं बघता आलं नाही. दहावं-तेरावं कसलं, कुणाची राख कोणती हेसुद्धा कळलं नाही. मानसोपचाराची पुस्तकं सांगतात की निरोप न घेता आलेला मृत्यू पचायला जास्त जड जातो. आपल्या आज्यांना हे पुस्तकाशिवाय माहीत होतं, म्हणून तर तेरा दिवसांचा एवढा खटाटोप.

आता या ‘तेव्हापासून’चा इतिहास.

आघातानंतर माणूस बदलतो हे जगाला बऱ्याच उशिरा मान्य झालं. पहिल्या महायुद्धात खंदकांतले सैनिक थरथरायला लागले, मुके झाले, रात्री किंचाळून उठायला लागले. चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरने 1915 मध्ये ‘लॅन्सेट’ साप्ताहिकात त्यावर लिहिलं आणि ‘शेल शॉक’ हा शब्द रूढ झाला. आधी वाटलं, तोफगोळ्याच्या हादऱ्याने मेंदूला इजा होत असेल. पण गोळ्याच्या जवळपासही नसलेल्या सैनिकांना तेच होत होतं. लष्कराला मात्र त्यात भित्रेपणा दिसला. पळून जाणं आणि भित्रेपणा अशा गुन्ह्यांसाठी ब्रिटिश लष्कराने तीनशेहून अधिक स्वतःचेच सैनिक गोळ्या घालून मारले. त्यांना माफी मिळाली ती 2006 मध्ये.

मग व्हिएतनाम. तिथून परतलेल्या सैनिकांनी आणि त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या डॉक्टरांनी भांडून भांडून 1980 मध्ये अमेरिकेच्या मानसोपचार संघटनेच्या निदान पुस्तिकेत एक नाव घालायला लावलं. आघातानंतरचा ताण-विकार, इंग्रजी आद्याक्षरांनी पीटीएसडी. लक्षणं साधारण अशी: तो प्रसंग स्वप्नात किंवा जागेपणी पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणं. त्याची आठवण होईल असं सगळं टाळणं. मन बधिर होणं, माया आटल्यासारखं वाटणं. सतत सावध राहणं, दचकणं, झोप उडणं, चिडणं. हे महिन्याहून जास्त टिकलं आणि रोजचं जगणं अडलं, तर आजार.

अमेरिकन संसदेच्या आदेशावरून 1980 च्या दशकात या माजी सैनिकांची मोठी पाहणी झाली. युद्धभूमीवर गेलेल्या पुरुषांपैकी सुमारे 15 टक्के लोकांना इतक्या वर्षांनंतरही हा विकार होता. त्या पाहणीतला दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. अभ्यासकांनी बायकांशीही बोलून बघितलं. ज्यांच्या नवऱ्याला हा विकार होता, त्या घरांत भांडणं जास्त, मारहाण जास्त, बायका स्वतः जास्त खचलेल्या आणि मुलांच्या वागण्यातल्या अडचणीही जास्त. म्हणजे युद्धावर गेला एकटा, पण घरी आलं ते सगळ्यांच्या वाट्याला.

आपल्याकडे यासाठी आधीपासून एक शब्द आहे. धसका. ‘त्यानं धसका घेतलाय’ असं आपण सहज म्हणतो. फार नेमका शब्द आहे. भीती येते आणि जाते, धसका मात्र घेतला की आत राहतो. अडचण एवढीच की धसक्यावर इलाज असतो हे आपल्याला कुणी सांगितलं नाही.

आता किल्लारी परिसरातल्या घरांकडे येऊ.

पहिली गोष्ट झोपेची. पुनर्वसनात पक्की घरं मिळाली. जागतिक बँकेचं कर्ज घेऊन देशातला तोवरचा एक मोठा पुनर्वसन कार्यक्रम इथे राबवला गेला. 52 गावं नव्या जागी वसवली. जमिनीच्या मालकीप्रमाणे 250, 400 आणि 750 चौरस फुटांची घरं. काम मोठं होतं, त्याला नावं ठेवण्याचा हेतू नाही. पण ज्याच्या अंगावर छत पडलंय त्याला सिमेंटच्या स्लॅबखाली झोप येईना. कित्येकांनी घरापुढे पत्र्याचं शेड टाकलं आणि संसार शेडात, घरात ज्वारीची पोती, असा प्रकार सुरू केला. बाहेरचे पाहुणे हसायचे, सरकारने घर दिलं तरी लोकांना राहायची अक्कल नाही म्हणायचे. त्यात अकलेचा प्रश्नच नव्हता. नवरा शेडात, बायको-लेकरं घरात, रात्री वाऱ्याने दार वाजलं की सगळे बाहेर. असं वर्ष-दोन वर्षं चाललं तर नवरा-बायकोत काय उरतं, याचा विचार करा.

त्यात गावाची रचनाच बदलली. जुन्या गावात वाड्याला वाडा लागून, भावकी एका गल्लीत, ओट्यावर म्हाताऱ्यांची बैठक. नवं गाव सरळ रेषेत, रुंद रस्त्यांचं, एखाद्या शहराच्या कॉलनीसारखं. घरांचं वाटप कागदावर झालं. मोठ्या कुटुंबाचे तुकडे पडले. जे आजारी मन आधी चुलती, आजी, शेजारीण मिळून सांभाळायच्या, ते आता एकट्या बायकोच्या गळ्यात पडलं.

दुसरी गोष्ट पुरुषांची. गावाकडच्या पुरुषाला रडायची मुभा नाही. बायको-लेकरं गेली, आणि आपण शेतावर होतो किंवा बाहेरगावी होतो म्हणून वाचलो, ही टोचणी कुणापुढे मांडायची? त्यावर सोपा उपाय दारू. हातात मदतीचा पैसा होता, शेतीची घडी विस्कटलेली, दिवसभर काम नाही. भूकंपानंतर या भागात दारू वाढली, हे तेव्हापासून सगळेच सांगत आलेत. लोक म्हणायचे, फुकटचा पैसा आला आणि माणसं बिघडली. काही ठिकाणी तसं असेलही. पण ज्याला डोळे मिटले की माती दिसते, तो झोपेसाठी पितो, हेही त्याच दारूचं एक कारण होतं. बायकोला मात्र कारण कळून उपयोग नसतो, तिला मार बसतो.

तिसरी गोष्ट बायकांची. ही सगळ्यात कमी लिहिली गेली. दोन-तीन लेकरं झाली की शस्त्रक्रिया करून घ्यायची, हे तोवर गावोगाव रुजलं होतं. एका पहाटेत लेकरं गेली आणि बाई वाचली, पण तिची शस्त्रक्रिया झालेली. नलिका पुन्हा जोडण्याची शस्त्रक्रिया असते, पण ती सगळ्यांना यशस्वी होत नाही. मग सासरकडून दुसऱ्या लग्नाची कुजबुज. जी बाई लेकरांसाठी रडते आहे, तिला त्याच वेळी आपल्या जागेचीही भीती. हा प्रश्न पुढे 2004 च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत नागपट्टणमच्या कोळी वस्त्यांमध्ये पुन्हा आला. तेव्हा तिथल्या सरकारने अशा जोडशस्त्रक्रियेसाठी खर्चाची सोय केली. चांगलंच केलं. पण नवं मूल होणं म्हणजे जुन्या दुःखावरचा इलाज नव्हे.

ज्यांच्या बायका गेल्या अशा बऱ्याच पुरुषांची लग्नं लवकर झाली. घरात भाकरी करायला कुणी नाही, लहान पोरं आहेत, हे कारण खरंच होतं. पण ज्या मुली त्या घरांत नांदायला गेल्या त्यांचा विचार कुणी केला? अर्ध्या रात्री उठून पहिल्या बायकोचं नाव घेणारा नवरा, आणि आईची वाट बघणारी सावत्र पोरं. त्या मुलीने भूकंप पाहिलासुद्धा नव्हता, पण तिचा संसार त्यातच उभा राहिला. विधवांना मात्र असं चटकन दुसरं घर मिळालं नाही. त्यांच्या वाट्याला मदतीच्या रकमेवरून दीर-सासऱ्यांशी वाद आला.

चौथी गोष्ट लेकरांची. अनाथ मुलांसाठी खरोखर मोठी कामं झाली. भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्था यांनी सुमारे 1200 मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेलं. नळदुर्गजवळ राष्ट्र सेवा दलाच्या पन्नालाल सुराणांनी ‘आपलं घर’ उभं केलं. यातली कितीतरी मुलं शिकली, कामाला लागली, त्यांचे संसार झाले. या कामाचं मोल मोठं आहे. रोजची शाळा, ठरलेल्या वेळेचं जेवण, आपल्यासारखीच सोबतीची पोरं, यानेही मन सावरतं, हे तिथे दिसलं.

मला त्या दुसऱ्या मुलांबद्दल सांगायचंय, जी भूकंपानंतर जन्मली. काही घरांत नव्या बाळाला गेलेल्या भावाचं किंवा बहिणीचं नाव ठेवलं गेलं. मायेपोटीच. पण मूल मोठं होतं तेव्हा त्याला कळतं की आपलं नाव स्मृतिस्तंभावर आधीच कोरलेलं आहे. आई सतत नजरेआड होऊ देत नाही, सहलीला पाठवत नाही, ताप आला की तिचा जीव कासावीस. दुसरीकडे वडील जवळच घेत नाहीत, कारण पुन्हा माया लावायची हिंमत नाही. मुलाला वाटतं, आपलंच काहीतरी चुकतंय. घरात गेलेल्यांची नावं काढायची नाहीत असा न बोललेला नियम असतो, त्यामुळे विचारायची सोय नाही. आज ही पोरं तिशीत आहेत, त्यांना स्वतःची लेकरं आहेत.

एवढं सगळं होताना इलाज काय होता? मराठवाड्यात मनाचं काही बिघडलं की पहिला संशय बाहेरच्या बाधेचा. भानामती, करणी, अंगात येणं. मग देवऋषी, नाहीतर एखादा दर्गा. डॉक्टरकडे गेलंच तर तक्रार डोकेदुखीची, छातीत धडधडीची, आणि मिळायचं काय तर सलाईन किंवा ताकदीचं इंजेक्शन. सरकारी मनोरुग्णालयं राज्यात चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. यातलं एकही मराठवाड्यात नाही. शिवाय ‘येरवड्याला नेलं’ म्हणजे घराण्याला बट्टा, पोरीची लग्नं मोडणार.

कुणीच काही केलं नाही असं मात्र नाही. घाशीराम कोतवालातले नाना फडणवीस म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते डॉ. मोहन आगाशे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ. तेव्हा ते पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेचे प्रमुख होते. त्यांनी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळावर या भागातल्या लोकांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास केला. दुसरी एक लहानशी पाहणी 1996 मध्ये अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या मासिकात छापून आली. तपासलेल्या प्रौढांपैकी निम्म्याहून अधिक लोकांत निदान करण्याइतका मानसिक आजार आढळला, त्यात मुख्य पीटीएसडी आणि नैराश्य. पाहणी लहान होती, सगळ्या 52 गावांना तो आकडा लावता येणार नाही. पण इशारा पुरेसा होता. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतरही मनाच्या आजारांचे अभ्यास झाले होते. म्हणजे माहिती नव्हती असं म्हणायला जागा नाही. अभ्यास झाले, अहवाल गेले, पण गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात महिन्यातून एकदा येणारा मनाचा डॉक्टर, ही गोष्ट पुनर्वसनाच्या आराखड्यात घरासारखी, रस्त्यासारखी पक्की झाली नाही.

नकळत एक चांगली गोष्ट मात्र झाली. जी गावं हलवली नाहीत, तिथे घरदुरुस्तीचा कार्यक्रम होता, हजारावर गावांत. त्यात बायकांचे गट जोडले गेले. त्या गावोगाव फिरल्या, सिमेंट कसं वापरायचं, भिंत कशी बांधून घ्यायची हे शिकल्या, सभेत बोलायला लागल्या. उद्देश घरांचा होता. पण घराबाहेर पडून चार जणींत बसायला मिळणं, हेच कित्येकींचं औषध ठरलं असणार. पुढे याच भागात बचत गट एवढे का रुजले, याचं एक मूळ इथे आहे.

2009 मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने आपत्तीनंतरच्या मानसिक-सामाजिक आधाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली. कागद चांगला आहे. त्यानंतर आपल्याच राज्यात 2014 ला माळीण, 2021 ला तळीये, 2023 ला इर्शाळवाडी. डोंगर कोसळला, वाडी गाडली गेली, मंत्री आले, घरं जाहीर झाली. त्या घरांतली माणसं आज रात्री पाऊस वाढला की झोपतात का, हे विचारायला वर्षाने, पाच वर्षांनी कोण जातं? आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरीही हेच. आपण मदतीचा धनादेश पात्र की अपात्र एवढंच लिहितो. ज्या पोराने बापाला झाडावरून खाली उतरवलं, त्याचं काय झालं हे आपल्या बातमीत नसतं.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. आपत्तीच्या पंचनाम्यात घर, जनावर, पीक यांच्यासोबत माणसाच्या मनाचीही नोंद व्हावी. ती पहिल्या आठवड्यात नको, कारण पहिल्या दिवसांत रडणं, दचकणं, झोप न येणं हे साहजिक असतं. बहुतेक माणसं जवळच्यांच्या आधाराने काही आठवड्यांत सावरतात. तेव्हा लोकांना बसवून जबरदस्तीने बोलतं करणं उलटं बाधू शकतं, हे संशोधनातून पुढे आलंय. त्या वेळी हवं असतं ते जेवण, निवारा, आपली माणसं एकत्र आणि खरी माहिती. पण तीन महिन्यांनी, वर्षाने, पाच वर्षांनी आशाताईंनी घरोघरी पुन्हा विचारायला हवं, आणि ज्यांचं अडलंय त्यांना जवळच्या सरकारी दवाखान्यात उपचार मिळायला हवेत. विचारपूस फक्त आजारी माणसाची नको. त्याच्या बायकोची आणि पोरांचीही हवी.

आणि घरच्यांसाठी दोन शब्द. घरात असं कुणी असेल तर ‘किती दिवस तेच धरून बसणार’ हे वाक्य बंद करा. तो मुद्दाम करत नाही. गेलेल्यांची नावं घ्या, लेकरांना त्यांच्या वयाला झेपेल तेवढं खरं सांगा. दारू आणि चिडचिडीमागे झोप आहे का, स्वप्नं आहेत का, हे विचारा. मारहाण मात्र सहन करू नका. आजार हे कारण असू शकतं, परवाना नाही. या आजारावर बोलण्याचे शास्त्रीय उपचार आहेत, औषधं आहेत, आणि वर्षानुवर्षं गेली असली तरी फरक पडतो. 14416 हा केंद्र सरकारचा टेली-मानस क्रमांक आहे. फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आजारी माणूस तयार नसेल तर बायकोने, मुलाने केला तरी चालतो.

यंदा 30 सप्टेंबरची बातमी करणाऱ्या माझ्या दोस्तांना एक विनंती. स्तंभावरचा फोटो झाला की गावातल्या एका घरी जा, कॅमेरा गाडीत ठेवा, आणि घरातल्या बाईला विचारा, झोप लागते का. उत्तर छापलं नाहीत तरी चालेल.

तुमच्या घरात, गावात असं कुणी असेल आणि लिहावंसं वाटलं तर नाव न देता लिहा. मी वाचतोय.